बारदान

उदगीरच्या मोंढ्यात, आडतीच्या माळवदावर
पहिली ओळ लिहिली ती तुरीच्या पट्टीसाठी:
वजन, भाव, कडता, तोलाई, हमाली.
साडेतीनला लाइट जायची, तोवर.

शेजारचे सिराजभाई म्हणाले, आम्हालाबी असंच दे की.
दिलं, नाव बदलून.
मग हळदवाले. मग चाकूरची एक शाळा,
तिथं तूर नव्हती, पण पोरांची हजेरी होती.
चौथ्यांदा तेच लॉगिन लिहिताना
बोटांनाच राग आला.

त्या रात्री सगळ्यातला माल ओतून काढला.
उरलं ते रिकामं बारदान.
तेच नाव ठेवलं, फुकट ठेवलं,
ज्याला जे भरायचं ते भरा.
मोंढ्यात तसंही
बारदानाचं वजन वजाच धरतात.

आता नववी आवृत्ती.
निम्म्या शिवणी माझ्या नाहीत,
ठिगळं तर कुणाकुणाची.
पोलंडची एक पोरगी विचारते,
गाभ्यात हे ‘हमाली’ काय आहे?
कुणीच वापरत नाही,
काढलं की सगळं कोसळतं.

खाली लिंबाजी
पोत्याला हूक मारून पाठ देतोय.
उत्तर दोनदा लिहून खोडलं.
राहू दे,
एवढंच कळवलं.