तिसरा आवाज

टलकच्या दुकानाला पाटी नाही.
निळं दार आहे, ते मिटू नये म्हणून लावलेली वीट आहे,
आणि आत, छतापर्यंत, तबकड्या.
मी शिरले होते फोन चार्ज करायला.

एकोणीस वर्षांची, जन्म किंग्स्टनचाच,
तरी जुनं रेगे म्हणजे मला एरंडेल वाटायचं,
रविवारी मामाच्या गाडीत बळेच पाजलेलं.

"आवडता कोण तुझा?" त्यानं विचारलं.
मी दोन नावं सांगितली,
भिंतीभिंतीवर रंगवलेली,
विमानतळावर टॉवेलांवर छापलेली.
तो हसला नाही.
"अंगणात पोचलीस," म्हणाला. "घर अजून लांब आहे."

मग सुई टेकवली. "पहिली मात्रा दाखव."
मी पाय आपटला.
"चूक. तिथं काही नाही.
तिथं जागा सोडलीय,
दमून आलेल्याला टेकायला.
ढोल तिसरीवर पडतो. थांब की जरा."
आणि तो पडला,
शेजारच्या आवारात नारळ पडावा तसा,
दिसला नाही, पण पायाला कळला.

त्यानंतर मी रोज जायचे. फोन भरलेला असला तरी.
त्यानं मला आधी बास ऐकायला शिकवलं,
छातीनं, कानानं नव्हे;
मग गिटारची ती टाचणी, मात्रामात्रांच्या फटीत टोचणारी;
मग शब्द. शब्द सगळ्यात शेवटी.

काही तबकड्यांचं लेबल खरवडलेलं.
"पलीकडच्या वस्तीतल्या साउंडवाल्यानं
गाणं कुणाचं ते वाचू नये म्हणून," तो म्हणाला.
"तेव्हा नाव म्हणजे दारूगोळा."
आणि विषय बदलला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वीज गेली.
पंखा थांबला, रस्त्यावरचा सगळा गोंगाट एकदम खरा झाला.
त्यानं एक खरवडलेली तबकडी ठेवली
आणि बोटानं फिरवू लागला.
"कान सुईजवळ आण."
मुंगीएवढं गाणं. तिघं गात होते.
बोट मंदावलं की बायका पुरुष व्हायच्या,
चळलं की पोरं.
दोन आवाज पुढे, धुतलेले, इस्त्रीचे.
तिसरा मागे, जरा चोंदलेला,
प्रत्येक ओळीच्या टोकाला
श्वास घेण्याआधी किंचित नाक ओढणारा.

ते नाक ओढणं मी ओळखत होते.

मिस इसिल्डा.
बसथांब्याजवळ सकाळी सहापासून मक्याची लापशी विकते,
वर जायफळ किसते,
सुट्टे नसले की आकाशाकडे बघते.
लहानपणापासून तिच्याच हातची खात आलेय मी.

दुसऱ्या दिवशी विचारलं. पळी थांबली नाही.
"सर्दी झाली होती त्या दिवशी.
तीन डॉलर मिळाले, आणि एक पॅटी."
थोड्या वेळानं, पुढच्या गिऱ्हाइकाला वाढून झाल्यावर:
"पॅटी गरम होती."
"आणि नंतर?"
"नंतर काय? सर्दी गेली."

मी धावतच दुकानात गेले.
टलक विटेवर बसला होता, दार वाऱ्यानं आपटत होतं.
माझं सगळं ऐकून घेतलं.
मग गल्ला उघडला,
नाण्यांखालून एक खिळा काढला, टोक बोथट झालेला,
आणि तो तळहातावर ठेवून म्हणाला,
"तिघांची नावं होती त्यावर.
माझ्याच हाताचं काम ते."
"तिला माहीत आहे?"
"पन्नास वर्षं तिच्याकडं लापशी खातो.
जायफळ मला ती कधी घालत नाही."

त्या दिवशी आम्ही काही वाजवलं नाही.
जाताना त्यानं ती तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली,
मला की तिच्यासाठी, ते सांगितलं नाही.
अजून माझ्याचकडे आहे.
सहा वाजता थांब्यावर उभी राहते मी, पिशवी खांद्याला,
वाटी घेते, पैसे देते, बस येते.

कुणी विचारलं, आवडता कोण तुझा,
तर आता मी लगेच बोलत नाही.
पहिली मात्रा सोडून देते.