काळी चार

विट्यात आमच्या गल्लीला स्वतःची पट्टी होती.
सोळा माग एकदम चालू असले
की शेड पांढरी दोनमध्ये घुमायची.
हे फार नंतर कळलं,
पेटीवर बोट ठेवून पाहिलं तेव्हा.

दुपारी तीनला व्होल्टेज पडायचं
आणि अख्खी गल्ली अर्ध्या सुरानं खाली यायची:
मोटारी, पिठाची गिरणी,
आणि कांड्या भरता भरता गाणारी चंद्राक्का.
तिला कुणी सांगितलेलं नसायचं.
गाणं तेच, शब्द तेच,
फक्त खालची जमीन पायरीभर खचलेली.

पुढं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड हाताशी आला.
त्यावर ट्रान्सपोजचं बटण. अधिक एक, उणे एक.
बोटं तिथंच, गाणं वरच्या मजल्यावर.
पलूसला, तासगावला, कुठल्या कुठल्या जत्रांत
शेवटचा अंतरा आला की ड्रमवाला मान हलवायचा,
मी बटण दाबायचो,
आणि मागच्या रांगेतले लोक
बिडी विझवून उगाच ताठ बसायचे.
युक्ती स्वस्त आहे, कबूल.
तरी हजाराव्या वेळीही
माझ्याच मानेवर काटा यायचा.

भजनात असलं बटण नसतं.
रात्री दोननंतर टाळ तापतात,
गजर आपला आपण चढत जातो,
आणि महिपती डोईफोडेची पेटी
दमेकऱ्यासारखी मागून धावते,
एक पट्टी सोडून दुसरी पकडते,
सुटलेली एसटी पकडावी तशी.
मिरजेत एकदा पहाटेची कव्वाली ऐकली.
गाणाऱ्यानं मध्यमावरच घर मांडलं,
म्हणाला, हाच आता सा.
क्षणभर आम्ही सगळे
भाड्याची खोली चुकलेल्या माणसांसारखे.
क्लॅरिनेटवाला जाफर मात्र हसायचा:
"वरातीत पट्टी बदलायची ती घोडीनं. आम्ही न्हाई."

चंद्राक्का आमच्याबरोबर एकोणीस वर्षं गायली.
पोस्टरवर तिचं नाव एकदाही धड छापलं गेलं नाही.
काळी चार. स्टेजवर चढताना चप्पल काढून
दरवेळी विचारायची, "काळी चारच ना?"
गळ्याचं ऑपरेशन झालं सांगलीत,
त्यानंतरच्या हंगामात मी न विचारता
तिला पांढरी पाच दिली.
पुढच्या वर्षी काळी तीन.
मग पांढरी चार.
"काळी चारच ना?"
"काळी चारच, अक्का."
बेसवाला तेव्हा वायरी तपासत बसायचा.

मागल्या वर्षी चौंडेश्वरीच्या उत्सवात,
विट्यातच, देवळामागच्या मांडवात,
शेवटचा अंतरा आला.
ड्रमवाल्यानं मान हलवली.
माझं बोट अधिकवर.
अक्कानं माईक न सोडता
डावा तळवा जमिनीकडं केला,
रडणारं पोर निजवताना करतात तसा,
आणि माझ्याकडं बघितलं.
बघण्यात राग नव्हता.
किती वर्षांपासून माहीत होतं,
एवढंच होतं.

शेवटच्या अंतऱ्याला गाणं खाली नेतात
असं मी कुठं ऐकलं नव्हतं.
उणे एक.
कुणी ताठ बसलं नाही.
एक पोरगं आईच्या मांडीवर कलंडलं.
अक्काचा आवाज त्या खालच्या पायरीवर
असा टेकला, की पुढची ओळ
घाई न करता आली,
कांडी भरून झाल्यावर बाजूला ठेवावी तशी.

तिसऱ्या रांगेत आमच्या शेडमधला
जुना मागवाला बसला होता, दादू हिरवे.
त्यानं दचकून
वर ट्यूबलाईटकडं पाहिलं.