गाडीचा नंबर

माझ्या फोनमध्ये तुझ्या नावाखाली
एक नाव आहे : गाडी.
तिलाही सिमकार्ड आहे, दहा आकडी नंबर,
डॅशबोर्डच्या आत, वायरींच्या गुंत्यात
फोंड्याच्या कायतानने काळी टेप गुंडाळून बसवलेलं.
दर महिन्याला तिचं रिचार्ज मारते मी,
माझं संपलेलं असलं तरी.

मस्कतला जाण्याआधी तू लिहून दिलंस
वहीच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली :
आधी चार आकडे. मग एक म्हणजे पहारा,
शून्य म्हणजे गप्प,
नऊ म्हणजे इंजिन बंद.
"नऊ तू वापरू नकोस."
हुकूम ती कुणाचाही ऐकते, आकडे बरोबर असले की.
गाऱ्हाणी मात्र एकालाच सांगते.

पहिल्याच आठवड्यात, रात्री दीडला,
टपावर चुडत पडलं.
शिरोड्यातला आमचा अख्खा वाडा उठून बसला,
कुत्री, कोंबडे, समोरची एस्पेरांस
खिडकीतून : "गाडी कित्याक रडटा गे?"
मी चष्मा शोधते, वही शोधते,
चार आकडे, शून्य, पाठवलं,
रेंज नाही, पुन्हा पाठवलं,
तेवढ्यात ती गप्प झालेली.
तिकडून, समुद्रापलीकडून, तू तिला निजवलंस.
मग मला फोन केलास.
आधी तिला, मग मला.

"काल पावणेदहाला दार उघडलं होतं."
"छत्री राहिली होती आत."
"बुधवारी इंजिन बावीस मिनिटं."
"आईंना डॉक्टरकडे नेलं. तुझ्याच."
"रविवारी डिकी."
"नारळ."
असं आमचं बोलणं, आठवड्यातून दोनदा,
चौकीवर जबाब द्यावा तसं.
मी कशी आहे हे विचारायचा हुकूम
वहीत नव्हता.

एका रात्री भांडी आवरून
मी उगाच जाऊन बसले गाडीत.
सीटला अजून तुझ्या तेलाचा वास.
दार लावलं. उघडलं. लावलं. उघडलं.
तिकडे तुझ्या उशाशी
तीन मेसेज गेले असतील, एकाखाली एक,
तिच्या त्या इंग्रजीत :
दार, दार, दार.
तू फोन नाही केलास.
थोड्या वेळाने पार्किंगचे दिवे
आपोआप लुकलुकले, दोनदा.
कोंबड्यांच्या खुराड्यावर पिवळं, मग काळोख, मग पिवळं.
हा आकडा तू मला लिहून दिला नव्हतास.

इथेच थांबता आलं असतं.

एप्रिलात, मडगावहून येताना,
बोरीच्या पुलावर गाडीने एक शिंक दिली
आणि मेली.
मागे कदंबा, तिच्या मागे वाळूचा ट्रक,
खाली जुवारी, काळी, ओहोटीची.
मी स्टीअरिंग धरून, कानात सगळ्यांचे हॉर्न.
फोनवर तुझे चार मिस्ड कॉल.
"वाटलं, कुणी नेली."
"मला विचारायचंस."
"तू उचलला नाहीस."
"मी गाडी चालवत होते."
यापुढे आपण दोघंही काही बोललो नाही,
आणि कंडक्टर खाली उतरून
ढकलायला लागला.

सकाळी कायतानकडे गेले.
म्हटलं, मालकाचा नंबर बदल.
त्याने हात पुसले, कानामागे खाजवलं :
"पात्रांवाक विचारलां?"
म्हटलं, तू गाडीला विचार.

आता ती मला सांगते.
पोदेराची सायकल तिला घासून जाते, मला कळतं.
मांजर टपावर चढतं, मला कळतं.
बाजारात तांदूळ निवडतानाही खिशात थरथरते.
एवढं सगळं तू ऐकत होतास तिकडे,
कंटेनरच्या खोलीत, एसीच्या घरघरीत,
हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

"तिचे मेसेज येत नाहीत हल्ली," म्हणालास काल.
"माझ्याकडे येतात."
तू गप्प. मीही.
मिनिटाचे पैसे पडत राहिले.
मग कानाशीच फोन थरथरला.
"कुणाचा?" विचारलंस.
"गाडीचा," म्हटलं. "बॅटरी उतरलीय."