चवीचा रकाना

सकाळचे दहा. पोटात मक्याची अर्धी भाकरी, मीठसुद्धा नाही.
कॉफी नंतर. दान्लीत राहून कॉफीला नंतर म्हणणं
जिवावर येतं, पण तीस वर्षं म्हणतोय.

टेबलावर पाच सिगार, पट्ट्या न लावलेल्या,
कुठल्या बाकावर वळल्या ते कळू नये म्हणून.
कागदावर पाच रकाने: ओढ, जळण, राख, ताकद, चव.

तिसरी उचलतो.
काळपट, तेलकट, घामेजल्या घोड्याच्या मानेसारखी.
बोटांनी दाबत जातो या टोकापासून त्या टोकापर्यंत.
गाठ नाही. पोकळ नाही.
टोक कापतो, न पेटवता एक ओढ घेतो.
पूर्वी इथेच मला अर्धी गोष्ट कळायची:
शेत नदीकडचं की डोंगराकडचं,
पानं वाळताना कोठाराला ओल आली होती का.
नाकानं कांदे सोलतो म्हणून
वळणाऱ्या बायका हसायच्या मला, घाबरायच्याही.

डिसेंबरातल्या तापात नाक गेलं.
म्हणजे आहे, जागेवर आहे, चष्मा त्याच्यावरच टेकतो.
कळलं ते आंबवणीच्या ढिगापाशी:
पोरं पानं उलटत होती, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी,
आणि वास? कोरी भिंत.
कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.
ती म्हणते, हल्ली जेवणाला नावं ठेवत नाहीस.

पेटवतो. सावकाश, ज्योत पानाला न टेकवता.
पहिल्या झुरक्याला घशात मिरी.
हे उरलंय मला, झोंबणं.
जिभेवरचं कडू उरलंय, खारट उरलंय,
राखेचा रंग, दोन पेरं वाढूनही न पडायची तिची जिद्द.
आणि ताकद. ताकद नाकाला विचारतच नाही.
शेंड्याचं पान,
खामास्त्रानचं सगळं ऊन प्यालेलं,
अर्ध्यावर आलं की गुडघ्यांशी बोलायला लागतं.
लिहितो: ताकद, नऊ. खुर्ची धरून लिहितो.

राहिला शेवटचा रकाना.
सहा महिने तो मी आठवणीतून भरतोय:
देवदार, कोको, चामडं.
कुणाची हरकत नाही. फक्त मालक, दोन लिसांद्रो,
एकदा म्हणाले, हल्ली हात फार सढळ झालाय, एवरार्दो.

समोर दिल्सिया, शिकाऊ, एकवीस वर्षांची.
तिच्याही हातात तिसरीच.
धूर सोडते आणि स्वतःशीच बोलल्यासारखी, पण जरा मोठ्यानं:
“आधी मक्याचा तापलेला तवा.
मग, थांबा, मग ओल्या पाइनची ढलपी.
मागून काहीतरी गोड, पण करपलेलं,
काकवी उतू जाऊन चुलीत पडते ना, तसं.”

मी लिहितो. तवा. पाइन. करपलेली काकवी.
मग हात थांबतो.
गेल्या आठवड्यातही ती अशीच बोलली होती.
त्याच्या आधीही. मी न विचारता,
दर वेळी माझी पेन्सिल याच रकान्यापाशी आल्यावर.

तिच्याकडे बघतो. ती राखेकडे बघते.
पलीकडच्या खोलीत रेडिओवर कुणीतरी गोल हुकवतो,
साठ बायका एकदम हळहळतात.

“किती मार्क देशील?”
“तुम्ही किती द्याल?”
“आज या कागदावर माझ्या नावाखाली तुझंही घालतोय.”

बराच वेळ काही बोलत नाही.
राख अजून पडलेली नाही.
“सात,” म्हणते. “करपणं जरा जास्तच आहे.”

मी नऊ दिले असते.
सात लिहितो.