अदलाबदल

धोत्रेबाई तळमजल्यावरच्या. आमची सातव्याची खोली मागतात.
"पोराला दोनदा डेंगी झाली हो, खिडकीखालीच गटार."
आमची लिफ्ट श्रावणापासून बंद,
ह्यांचा गुडघा तिसऱ्या मजल्यावरच बसून घेतो.

हिशेब सरळ आहे. अर्जही आणलाय त्यांनी,
दोन सह्या, मग पालिकेचा शिक्का.

फक्त सकाळी चहा गाळताना
येऊरचा डोंगर ओट्यापर्यंत येतो,
त्याचं भाडं अजून कुणी लावलेलं नाही.

काल खाली बघून आले.
खिडकीत स्कूटरचं चाक, भिंतीला ओल,
दाराशी मिरच्यांचं वाळवण,
आणि येणारीजाणारी प्रत्येकजण
दोन शब्द टाकून जाते.
सातव्यावर कोण येतं? मीटरवाला.
तोही हल्ली खालूनच हाक मारतो.

पेन हातात घेतलं.
मग म्हटलं, उद्या.
एक चहा अजून.