सुताचं भिंग

सीताबर्डीत, जिना चढून, दुसऱ्या मजल्यावर
उमरेडकरांनी काचेवर तीन कॅमेरे मांडले.
चौथा मागेच ठेवला,
पाहुण्यांपुढे न आणायच्या कपासारखा.
मी दोन महिने आकडे पाठ करून गेले होते,
मेगापिक्सेल, आयएसओ, सेकंदाला किती फ्रेम.
पतसंस्थेतल्या बाईला आकड्यांचं काय भय.
ते म्हणाले, राहू दे ते. हातात धर.
काढणार काय तू?

हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

म्हटलं, माणसं. म्हणजे, हात जास्त.
म्हटलं, आमच्या गल्लीत दोनच माग उरलेत,
सकाळी सातला खटखट सुरू होते
आणि खोलीत एकच बल्ब.
तेव्हा त्यांनी मागचा काढला.
ग्रिपचं रबर कोपऱ्यात उचकटलेलं,
एकोणीस हजार वेळा डोळा मिटलेला.
"बॉडी बदलत राहशील पोरी.
पैसे काचेत टाक."

बाबांच्या खिशात पितळेचं घडीचं भिंग असायचं,
खाली एक इंचाची चौकट.
कापडावर टेकवून सुईनं सूत मोजायचे.
उभं बहात्तर. आडवं अडुसष्ट.
आई म्हणायची, मोजून वाढते काय?
बाबा मान वर न करता,
"कमी झालं तं समजलं पायजे ना."

त्यांचे फोटो होते. फोनमध्ये होते.
शेवटच्या उन्हाळ्यातले, दोनशे चौदा.
कार्ड एकच.
एके दिवशी फोननं विचारलं, फॉरमॅट करायचं का?
नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.
इतवारीतल्या पोरानं तीन दिवस ठेवून घेतलं
आणि सात परत दिले,
त्यातले चार अर्धे राखाडी.
भुवयांपर्यंत बाबा, खाली काही नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी
मी हार्ड डिस्क विचारायला गेले होते.
पण नुसती डिस्क घेऊन
भरायची कशानं?

मे महिन्यात घरात कूलर रात्रंदिवस,
वाळ्याचा वास, भिंतीला घाम.
उमरेडकरांनी बजावलेलं, त्याच्यासमोर ठेवशील
तर काचेच्या आत बुरशीचं जाळं धरेल,
मग पुसायला माझ्याकडे येऊ नको.
म्हणून घट्ट झाकणाचा डबा,
आत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या
सिलिकाच्या पुड्या.
आई डोकावते. "काऊन बाई,
कॅमेऱ्याले बी सुपारी?"

फोटो तीन जागी.
एक लॅपटॉपवर.
एक डिस्क कपाटात, भिंगाशेजारी.
एक कामठीला, सुनंदाच्या ड्रॉवरमध्ये
पासबुकांखाली.
महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जाते,
भरलेली ठेवते, जुनी उचलते,
तिच्या हातचे तर्री पोहे खाते, नाक पुसते.
ती विचारते, आहे काय यात एवढं?
काय सांगू.
वामनकाकांचा अंगठा,
धोट्यानं घट्टा पाडलेला.
मारबतीच्या दिवशी
"घेऊन जा गे" म्हणत वर गेलेले तळवे,
त्यात एक सहा बोटांचा.
आईची करंगळी, पुडी हुंगताना.
फोल्डरची नावं तारखेनं, साल आधी,
म्हणजे आपोआप रांगेत बसतात.
हे माझं मी शोधलं,
आणि त्याचा मला उगाच अभिमान आहे.

ते सातही आहेत, तिन्ही जागी.
परवा रात्री त्यातला एक उघडला,
राखाडी भाग मोठा केला, अजून मोठा,
आणि पडद्यावर बाबांचं भिंग टेकवलं.
राखाडी नव्हतंच तिथे.
लाल, हिरवं, निळं,
उभं, आडवं, घट्ट बसलेलं.
सुई घेतली. मोजायला लागले.
चाळीसच्या पुढे कुठेतरी
आईनं जेवायला हाक मारली
आणि आकडा चुकला.