नाते : मंगळवार, शुक्रवार

थंडर बेला जानेवारीत उजाडतं
ते साडेआठनंतर, आणि तेही नाइलाजाने.
तोवर माझ्या टेबलावर दिवा, काळी कॉफी
आणि एकसष्ट बायका व चार पुरुषांचे तास,
दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत.
ते म्हाताऱ्यांना उठवतात, न्हाऊ घालतात,
पायमोजे चढवतात, गोळ्या मोजतात.
मी त्यांना मोजते.

माझ्या तक्त्यात एक भेट पावणेदहाला संपते,
पुढची पावणेदहालाच सुरू होते.
मधले अकरा किलोमीटर कुणी जात नाही;
कागदावर सगळ्याजणी एका दारात मावळतात,
दुसऱ्या दारात उगवतात,
बुटांना बर्फ न लागता.

मागच्या आठवड्यात मी स्वतः त्या रस्त्याने गाडी काढली.
उणे एकतीस. फाटकावर मालगाडी,
गव्हाचे एकशे बारा डबे. मोजले, खोडच ती.
सात मिनिटं.
गहू चालला होता कोठारांकडे, रीतसर भाडं भरून.
इंजिन चालू ठेवून थांबलेल्या बाईची सात मिनिटं
कुणाच्या खात्यात, हे धोरणात नाही.
धोरण मीच लिहिलंय.

वीस तासांचा उंबरठाही माझाच.
तो ओलांडला की दातांचा ऐंशी टक्के खर्च,
दोन वर्षांतून एक चष्मा, पेन्शनमध्ये आमचा वाटा.
जोसेट बुशेचे साडेएकोणीस भरतात.
नऊ वर्षं.
वेळापत्रक लावणारी ओलेना यावर बोलत नाही,
मी विचारत नाही. आमचं छान जमतं.
जोसेट तौनो कार्विनेनची कवळी घासून ग्लासात ठेवायची
आणि स्वतः फक्त डाव्या बाजूने चावायची.

काल तिचा अर्ज आला.
शोक-रजा, कलम चौदा, तीन दिवस, भरपगारी.
मृताचं नाव : तौनो कार्विनेन.
नाते, या रकान्यात तिने लिहिलंय :
मंगळवार, शुक्रवार.

खाडाखोड नाही.
यादीत जोडीदार आहे, आईवडील, मूल, भावंडं,
सासरची माणसंसुद्धा आहेत.
वार नाहीत.

मी त्यांची फाइल काढली.
नाकारायला आधार हवा म्हणून काढली, खोटं कशाला बोलू.
तिरक्या अक्षरात नऊ वर्षं :
सूप अर्धं संपवलं.
आज फिनिशमध्ये बोलले, बहुतेक घोड्याशी.
नखं कापली, गुदगुल्या होतात त्यांना.
सॉना मागत होते. पायांवर गरम टॉवेल ठेवला.
मला म्हणाले, तुझा दात दुखतोय. मी नाही म्हटलं.
आणि शेवटची :
खुर्ची खिडकीकडे वळवली. नियोजित ४५, थांबले ७०.

वरच्या पंचवीस मिनिटांचे पैसे तिने मागितलेले नाहीत.

व्हँकुव्हरच्या मुलाला त्याच्या कंपनीने पाच दिवस दिले.
द्यायलाच हवेत. तो तीन वर्षांत फिरकला नव्हता,
पण विमानाचं तिकीट मलाही ठाऊक आहे.

मंडळाचे अध्यक्ष होल्मक्विस्ट म्हणाले,
एकीला दिलं की पासष्टजणांना द्यावं लागेल,
आपल्याकडे माणसं मरतातच.
खरं आहे. गेल्या वर्षी एकेचाळीस.
मी पै न पैचा हिशेब मांडला :
स्वागतकक्षातल्या नव्या गालिच्याहून थोडा जास्त.
टिपणात तसंच लिहिलं, गालिच्यासकट.
गुरुवारी बैठक. पुढच्या तिमाहीत पाहू, म्हणतील,
आणि मी मान हलवीन; माझाही पगार तिथूनच येतो.

आज सगळे गेल्यावर यादीच्या तळाशी
'इतर' उघडलं.
कारण द्या, चाळीस अक्षरांत.
तिने लिहिलेले दोन वार तसेच उतरवले.
मावले. जागा उरली.
उरलेल्या जागेत पंचवीस मिनिटं टाकली.